रकान्यात मावणारा माणूस : फॉर्म आणि पडताळणीचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय आहे फॉर्म. वेबसाइटवर आपण नाव, पत्ता, मोबाइल नंबर भरतो, ‘सबमिट’ दाबतो आणि रकान्याभोवती लाल चौकट येते, तो फॉर्म. पण सुरुवात मी संगणकापासून करणार नाही, सातबाऱ्यापासून करतो.

‘सातबारा’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की त्यातले आकडे कुणाला दिसतच नाहीत. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. महसूल खात्याचे एकूण एकवीस गाव नमुने आहेत, त्यातले हे दोन. सातव्यात जमिनीवरचे हक्क, बाराव्यात पिकं. म्हणजे मराठी शेतकरी ज्या कागदावर जीव टाकतो, त्या कागदाचं नाव हा मुळात फॉर्मचा क्रमांक आहे.

आता आणखी एक नमुना बघा, सहावा. फेरफाराची नोंदवही. जमीन विकली, वारस लागले, की तलाठी इथे नोंद घेतो. पण नोंद घेतली म्हणजे झालं असं नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला मुदत मिळते, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. हाती लिहिलेल्या सातबाऱ्याच्या काळात प्रमाणित होईपर्यंतची नोंद पेन्सिलीने असायची, प्रमाणित झाली की शाईने. पेन्सिल म्हणजे ‘आलेली माहिती’, शाई म्हणजे ‘तपासलेली माहिती’. आज वेब प्रोग्रामर ज्याला ‘व्हॅलिडेशन’ म्हणतो त्याचा गाभा एवढाच आहे. बाहेरून आलेलं काहीही आधी पेन्सिलीचं समजायचं.

माझा आजचा मुद्दा असा. तपासणी ही प्रत्येक काळात लागलीच. बदलत गेलं ते एवढंच, की चूक कुणी शोधायची आणि तिचा त्रास कुणी सोसायचा. फॉर्मचा इतिहास या प्रश्नाच्या अंगाने बघितला तर तो बराच वेगळा दिसतो.

घंटा, खाच आणि शेवटचा अंक

कागदी फॉर्मला तपासायला माणूस होता. खिडकीपलीकडचा कारकून. तो खेकसायचा, परत पाठवायचा, हे खरं. पण तो वाचायचा. रकान्यात न मावणारं काही असलं तर समासात लिहून घ्यायचा.

यंत्र आलं आणि समास गेला. १८९० सालची अमेरिकेची जनगणना. हर्मन हॉलेरिथने माणसाची माहिती कार्डावरच्या भोकांत उतरवली. कार्ड यंत्रात ठेवून दांडा खाली दाबला की भोकांतून टाचण्या आरपार जायच्या, विजेचं मंडळ पूर्ण व्हायचं, मोजणीचा काटा पुढे सरकायचा आणि घंटा वाजायची. घंटा वाजली नाही तर ते कार्ड बाजूला. यंत्राने माणसाला ‘तुझी नोंद मला कळली नाही’ असं सांगण्याचं हे फार जुनं उदाहरण.

पण घंटा फक्त इतकंच सांगते की कार्ड वाचता आलं. भोक चुकीच्या जागी पडलं असेल तर? त्यावर पुढच्या काळात सरळ आणि खर्चीक उपाय निघाला. एका ऑपरेटरने कार्ड पंच करायचं आणि दुसऱ्याने तीच माहिती मूळ कागदावरून पुन्हा टाइप करायची. आयबीएमचं ‘०५६’ नावाचं व्हेरिफायर यंत्र याच कामाचं होतं. दोन्ही जुळलं की ते कार्डाच्या उजव्या कडेला छोटी खाच पाडायचं, चुकलं असेल तर त्या रांगेच्या वर. कार्डांचा गठ्ठा हातात धरला की कोणतं तपासलेलं आणि कोणतं नाही, हे कडेवरून दिसायचं. ‘की पंच ऑपरेटर’ हे पद आपल्याकडच्या कचेऱ्यांतही होतं. आज पासवर्ड दोनदा टाकायला लावतात ना? ती हीच पद्धत. फरक एवढा, की दुसऱ्या ऑपरेटरचा पगार वाचला आणि ते काम आपल्याकडे आलं.

मग एक हुशार युक्ती निघाली. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६० मध्ये ते मिळालं. कल्पना अशी, की क्रमांकाच्या शेवटी एक जादा अंक लावायचा, जो आधीच्या अंकांवरून काढलेला असेल. उदाहरण करून बघू. क्रमांक आहे २५८. उजवीकडून एक सोडून एक अंक दुप्पट करायचा. ८ चे झाले १६, त्यातले अंक मिळवले की ७. मधला ५ तसाच. २ चे ४. सात, पाच, चार मिळून सोळा. पुढचा पूर्ण दहा वीस, म्हणून तपास-अंक ४. पूर्ण क्रमांक २५८४. आता कुणी घाईत २८५४ लिहिलं, तर ५ चे १०, त्याचा १, मधला ८, २ चे ४. बेरीज तेरा, तपास-अंक यायला हवा ७, आणि आहे ४. चूक सापडली. तीही कुठल्या वहीत न बघता! तुमच्या क्रेडिट कार्डाचा शेवटचा अंक याच पद्धतीचा असतो.

लूनच्या पद्धतीत एक फट आहे. शेजारचे ०९ आणि ९० उलटसुलट झाले तर ते तिला कळत नाही. १९६९ मध्ये याकोबस फेर्हूफ या डच गणितज्ञाने अशी पद्धत दिली, जी एका अंकाची कोणतीही चूक आणि शेजारच्या दोन अंकांची कोणतीही अदलाबदल पकडते. ही परकी गोष्ट वाटत असेल तर आपलं आधार कार्ड काढा. बारा अंकांपैकी शेवटचा अंक फेर्हूफच्या पद्धतीचा आहे. पहिला आधार क्रमांक दिला गेला तो २०१० मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव आणि नेदरलँड्सचं गणित, दोन्ही एका क्रमांकात.

आकड्यांच्या रचनेबद्दल बोलतोय तर एका मराठी माणसाचं नाव घ्यायला हवं. श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिन कोडची योजना त्यांची. एकाच नावाची अनेक गावं, तऱ्हेतऱ्हेच्या लिप्या, हातांची अक्षरं लागत नाहीत, यावर सहा अंकांचा उतारा. पहिला अंक विभागाचा, आणि तो शून्य कधीच नसतो. महाराष्ट्राचे पिन ४० ते ४४ ने सुरू होतात, त्यातच गोव्याचे ४०३ ने. आज कुठल्याही वेबसाइटवर पिन कोड तपासायचा नियम हाच असतो : सहा अंक, पहिला शून्य नको. ही रचना वेबच्या वीस वर्षं आधीची आहे.

पडद्यावरचा फॉर्म

फॉर्म पडद्यावर आला तो वेबच्या बराच आधी. १९७१ मध्ये आयबीएमने ‘३२७०’ हे टर्मिनल आणलं. बँका, विमा कंपन्या, विमानांचं आरक्षण, अशी कामं त्यावर चालायची. पडद्यावर रकाने. काही रकाने बंद, त्यांत लिहिता येत नाही. काही उघडे. काही फक्त आकड्यांसाठी. ऑपरेटर सगळं भरेपर्यंत मोठ्या संगणकाला त्याचा पत्ताही नसतो. ‘एंटर’ दाबलं की भरलेली माहिती एकगठ्ठा जाते. वेब फॉर्मची सगळी चाल इथे आहे.

पण एक फरक लक्षात ठेवा. त्या टर्मिनलसमोर बसलेली व्यक्ती पगारी होती आणि शिकवून तयार केलेली होती. संगणकाने ‘अमुक कोड चूक’ म्हटलं तर तिला त्याचा अर्थ कळायचा. समोरच्या ग्राहकाला ती तो माणसाच्या भाषेत सांगायची.

वेबवर फॉर्म आला १९९३ च्या सुमारास. मोझॅक नावाच्या ब्राउझरमध्ये रकाने भरायची सोय झाली, आणि ज्या संस्थेत मोझॅक तयार झाला तिथेच, भरलेली माहिती सर्व्हरवरच्या प्रोग्रामकडे पोचवण्याची पद्धत ठरली. तिला ‘सीजीआय’ म्हणतात. नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीचा मसुदा ‘आरएफसी १८६६’ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. त्यात आजचे बहुतेक ओळखीचे घटक आहेत : मजकुराचा रकाना, पासवर्डचा रकाना, टिक करायचा चौकोन, अनेकांतून एक निवडायची गोल बटणं, सबमिट. त्यात काय नाही, हे जास्त महत्त्वाचं. ‘हा रकाना भरायलाच हवा’ असं सांगायची सोयच नाही. म्हणजे फॉर्म आहे, तपासणी नाही. ती पूर्णपणे सर्व्हरवर.

त्या वेळी घरचं इंटरनेट टेलिफोनच्या मोडेमवर चालायचं. वीस रकाने भरायचे, सबमिट करायचं, वाट बघायची, आणि मग पूर्ण नवं पान यायचं : ‘तारीख चुकली’. बऱ्याचदा आधी भरलेलं सगळं पुसलेलं! (हशा) या वेदनेतून वेबची एक महत्त्वाची भाषा लोकप्रिय झाली. मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत तिचा पहिला नमुना लिहिला. तीच जावास्क्रिप्ट. तिच्या सुरुवातीच्या लोकप्रिय उपयोगांपैकी एक म्हणजे सबमिट व्हायच्या आधी, आपल्याच संगणकावर फॉर्म तपासणं. त्याच वर्षी रासमुस लेरडॉर्फ यांनी जाहीर केलेल्या पीएचपीच्या सुरुवातीच्या एका आवृत्तीच्या नावातच ‘फॉर्म्स इंटरप्रिटर’ होतं. आज अर्धी वेब ज्यांच्यावर उभी आहे अशा दोन भाषांचं बालपण फॉर्म सांभाळण्यात गेलंय.

दारावरचा शिपाई

इथून इतिहासाला वळण लागतं. जावास्क्रिप्टने सोय झाली, तसा एक गैरसमजही झाला. बऱ्याच जणांना वाटलं, ब्राउझरमध्ये तपासलंय, आता सर्व्हरवर कशाला परत?

का, ते बघा. ब्राउझर हा माझ्या हातातला. मी जावास्क्रिप्ट बंद करू शकतो. पान माझ्या संगणकावर साठवून, बदलून, पाठवू शकतो. ब्राउझर न वापरता थेट सर्व्हरला हवं ते पाठवू शकतो. सुरुवातीच्या काळात काही ऑनलाइन दुकानांच्या फॉर्ममध्ये वस्तूची किंमत लपलेल्या रकान्यात असायची. लपलेला म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, एवढंच. गिऱ्हाइकाने तो बदलला, की हजाराची वस्तू एका रुपयात. दुकानदाराने किंमत आपल्याच वहीत बघायची सोडून गिऱ्हाइकाला विचारली, असा हा प्रकार.

त्याहून गंभीर गोष्ट १९९८ च्या डिसेंबरमध्ये ‘फ्रॅक’ या हॅकर मंडळींच्या नियतकालिकात छापून आली. रकान्यात नावाऐवजी डेटाबेसला समजेल अशी आज्ञा लिहिली, आणि प्रोग्रामने ती तशीच आपल्या वाक्यात चिकटवली, तर डेटाबेस ती पाळतो. याला पुढे ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणू लागले. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या साइटवर एका तरुणाने आपल्या प्रोफाइलमध्ये जावास्क्रिप्ट घुसवली. पान बघणाऱ्याचं प्रोफाइलही लागण झालेलं व्हायचं. वीस तासांच्या आत दहा लाखांवर लोक त्याच्या जाळ्यात आले आणि साइट बंद ठेवावी लागली. मायस्पेसने काही धोकादायक शब्द गाळले होते, पण तो गाळ्यांमधून वाट काढून गेला.

यातून दोन धडे निघाले आणि ते आजही प्रत्येक वेब प्रोग्रामरला पहिल्या वर्षी शिकवावेत असे आहेत. पहिला : ब्राउझरमधली तपासणी ही माणसाच्या सोयीसाठी, सर्व्हरवरची तपासणी सुरक्षिततेसाठी. पहिली नसली तर वापरणारा वैतागेल, दुसरी नसली तर घर लुटलं जाईल. दुसरा धडा जास्त बारीक आहे. सुरक्षितता म्हणजे अक्षरांवर बंदी नव्हे. आयर्लंडमध्ये ओ’ब्रायन, ओ’नील अशी आडनावं असतात, मध्ये स्वल्पविरामासारखं चिन्ह. एसक्यूएलमध्ये तेच चिन्ह मजकूर संपल्याची खूण. घाबरलेल्या प्रोग्रामरांनी ते चिन्हच बंद केलं, आणि लाखो माणसांची खरी आडनावं ‘अवैध’ झाली. खरा उपाय वेगळा होता : आज्ञा आणि माहिती डेटाबेसकडे वेगवेगळ्या वाटेने पाठवायच्या, म्हणजे माहितीत काहीही असलं तरी ती आज्ञा म्हणून वाचली जात नाही. आणि पानावर दाखवताना चिन्हं निरुपद्रवी करून दाखवायची. दोष प्रोग्रामच्या रचनेत होता, शिक्षा मात्र नावाला झाली.

वैध कोण ठरवतं?

पुढे तपासणी ब्राउझरच्या अंगात यावी असे प्रयत्न झाले. २००३ मध्ये ‘एक्सफॉर्म्स’ नावाचं मानक आलं. विचार शुद्ध होता, पण मोठ्या ब्राउझरांनी ते आपलंसं केलं नाही. ऑपेरा कंपनीतून सुरू झालेल्या ‘वेब फॉर्म्स २’ या साध्या प्रस्तावाला यश आलं. तो एचटीएमएल५ मध्ये सामावला गेला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यावर मानकाचा शिक्का बसला. आता एका शब्दात सांगता येतं : हा रकाना आवश्यक, हा ईमेलचा, हा आकड्यांचा.

त्यात एक गंमत आहे. ईमेल पत्ता कसा असावा याचे मूळ नियम फार सैल आणि चमत्कारिक होते. एचटीएमएल५ वाल्यांनी ते बाजूला ठेवून आपला सोपा नियम केला आणि मानकातच लिहून टाकलं की आम्ही हे जाणूनबुजून मोडतोय. व्यवहाराला ते सोयीचं झालं. पण त्या सोप्या नियमात ‘ॲट’ चिन्हाच्या आधी फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि थोडी चिन्हं. आणि त्याच २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन सुरू झालं. म्हणजे एका बाजूला मराठीत पत्ता मिळायची सोय झाली, आणि दुसऱ्या बाजूला तो पत्ता ‘अवैध’ म्हणणारा नियम ब्राउझरमध्ये पक्का झाला. कुणी मराठीशी वैर धरून हे केलं नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मराठी माणूस नव्हता, इतकंच. पण परिणाम तोच.

नावांचं बघा. ‘विठ्ठल’ हे नाव आपण तीन-चार अक्षरांचं म्हणू. युनिकोडमध्ये ते सहा चिन्हांचं आहे : व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल. साठवायला लागतात अठरा बाइट, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन. तीस बाइटांचा रकाना इंग्रजी नावाला ऐसपैस, मराठीला दहा चिन्हांतच संपतो. बरं, ‘नावात फक्त अक्षरं चालतील’ असा नियम केला तर? युनिकोडच्या वर्गवारीत वेलांटी, मात्रा, हलन्त ही ‘अक्षरं’ नाहीत, ती वेगळ्या वर्गातली ‘चिन्हं’ आहेत. म्हणजे चांगल्या हेतूने जगातल्या सगळ्या भाषांची अक्षरं मान्य करणाऱ्या प्रोग्रामलाही ‘कमल’ चालतो आणि ‘विठ्ठल’ चालत नाही!

आपला खास मराठी ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ घ्या. हा काही जण एका अदृश्य जोड-चिन्हाच्या मदतीने टाइप करतात. सुरक्षिततेच्या नावाखाली अदृश्य चिन्हं गाळणारा फॉर्म ते चिन्ह काढून टाकतो. मग सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’चा होतो ‘दर्या’. डोंगराचा समुद्र झाला आणि फॉर्मने चूक दाखवलीच नाही, उलट हिरवी खूण केली. ‘कऱ्हाडे’ आडनावाच्या माणसाचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी पडलं की पुढची धावपळ कुणाची? त्याची.

आणि वैध म्हणजे खरं नव्हे, हेही आपल्याला संगणकाने शिकवायची गरज नव्हती. महाराष्ट्रात मागच्या पिढ्यांत किती जणांची जन्मतारीख १ जून आहे! शाळेत दाखला घेताना जन्मतारखेचा रकाना भरणं भाग होतं, तारीख कुणाला ठाऊक नव्हती, आणि मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या महिन्यातली पहिली तारीख टाकली. कुठलाही प्रोग्राम १ जून ही तारीख बिनचूक म्हणून स्वीकारेल. रकाना सक्तीचा केला की माणूस तो भरतो. उत्तर नसेल तर तयार करतो. ‘माहीत नाही’ असं लिहायला जागा ठेवणं, हा तपासणीचाच भाग आहे.

रकाने बदलतातही, पण आपोआप नाही. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष यांच्याबरोबर ‘इतर’ हा पर्याय आला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायचं ठरवलं. यामागे लोकांनी केलेल्या मागण्या आहेत, खटले आहेत, निर्णय आहेत. आणि त्या प्रत्येकानंतर कुणीतरी प्रोग्रामर बसून कोडमधली एक ओळ बदलतो. ती बदलली नाही तर निकाल कागदावर राहतो, कारण फॉर्म पुढेच जाऊ देत नाही.

आता परत सातबाऱ्याकडे येतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. गाव नमुना बारामधली पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. जागेचे अक्षांश-रेखांश सोबत जातात. एका अर्थी ही चांगली गोष्ट आहे. आपल्या शेतात काय उभं आहे हे त्या शेतकऱ्याइतकं कुणाला ठाऊक? पण बघा, पूर्वी जे काम तलाठ्याचं, पंच ऑपरेटरचं, टर्मिनलवरच्या बाईंचं होतं, ते आता पगार आणि शिकवणी यांच्याशिवाय आपल्या सगळ्यांकडे आलं आहे. आणि पलीकडे समजावून सांगणारं कुणी नाही. आहे ती लाल अक्षरांतली एक ओळ.

म्हणून या सभेत जे तरुण प्रोग्रामर बसले असतील त्यांना सांगणं एवढंच. ती एक ओळ नीट लिहा. ‘अवैध माहिती’ असं लिहू नका. काय चुकलं, कसं हवं, ते लिहा. भरलेलं पुसू नका. सर्व्हरवर काटेकोर राहा, पण माणसाच्या नावाबाबत सैल राहा. आणि नियम लिहून झाला की तो ‘विठ्ठल’वर, ‘कऱ्हाडे’वर, आडनाव न लावणाऱ्या माणसावर आणि जन्मतारीख ठाऊक नसलेल्या आजीवर लावून बघा. जिथे तो अडेल, तिथे आधी नियमाकडे संशयाने बघा. मंडळ अधिकाऱ्याकडे हरकत घ्यायला मुदत होती, तशी हरकत घ्यायची एखादी जागा, एखादा फोन नंबर, एखादा माणूस तुमच्या फॉर्मच्या शेवटी असू द्या.